पाऊणकी ते स्लायडर : आलेखाला हात लावण्याचा इतिहास

(कट्टा, ता. मालवण येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

गावाचं नावच कट्टा असल्यावर इथे उभं राहून भाषण करणं जरा अवघड वाटतं. कट्ट्यावर बसायचं असतं. पण आज सोबत पडदा आणि लॅपटॉप आहे, तेव्हा उभे राहतो.

सुरुवातीला एक प्रश्न. पाऊणकी कोणाकोणाला पाठ आहे? मागच्या रांगांतले हात वर आलेत, पुढे बसलेली कॉलेजची मुलं एकमेकांकडे बघतायत. मुलांनो, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे. तुमच्या आजोबांनी ते ओरडून पाठ केलेत. आजचा विषय आहे पडद्यावरच्या आलेखाला सरकणारी खुंटी लावणं, म्हणजे स्लायडर. आणि त्याची गोष्ट आम्हाला पाऊणकीपासूनच सुरू करावी लागते, कारण आमची पहिली फजिती तिथेच झाली.

किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक तोंडी हिशेब आहे. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, भरती तीनला. अष्टमीला आठ पाऊणे सहा. कागद लागत नाही, घड्याळही फारसं लागत नाही. रापण ओढणाऱ्यांना, खाडी उतरून पलीकडे जाणाऱ्यांना एवढं पुरतं.

आम्ही मुलांना कोड शिकवताना पहिला आलेख याचाच करायचं ठरवलं. आडवी रेघ म्हणजे दिवसाचे चोवीस तास, तिच्यावर पाण्याची वर-खाली जाणारी रेषा, आणि खाली एक खुंटी : प्रतिपदेपासून पुढच्या अमावस्येपर्यंत, एक ते तीस. खुंटी एक घर सरकवली की भरतीचं शिखर पंचेचाळीस मिनिटं पुढे सरकतं. फार देखणं दिसत होतं ते. मग एका मुलीने खुंटी पौर्णिमेवरून वद्य प्रतिपदेवर नेली, आणि शिखराने खटकन दीड तासाची उडी मारली.

कोडमध्ये चूक असणार, म्हणून तास-दीड तास आम्ही ओळ न् ओळ तपासली. कोड बरोबर होता. आता हिशेब बघा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणून पौर्णिमेची भरती सव्वाअकराला. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एक पाऊणे पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. मधे दीड तास! खरं म्हणजे एका पंधरवड्याच्या पंधरा तिथींत भरतीची वेळ पूर्ण बारा तास फिरते. बाराला पंधराने भागा, एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं येतात. (रोज अगदी तेवढीच नाहीत, सूर्य मधे थोडी ओढाताण करतो, पण सरासरी तीच.) म्हणजे गुणायला हवं चार पंचमांशाने. रोज तीन मिनिटं मागे पडत पडत पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तासाची चूक साठते, आणि प्रतिपदेला हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

मग जुन्या लोकांनी चार पंचमांश का धरला नाही? आमचा तर्क असा, की चार पंचमांशाचा पाढा कोणालाच पाठ नव्हता. पाऊणकी होती. हाताशी जी पायरी होती, तिच्यावर चंद्राला बसवला. त्याने कोणाचं अडलं नाही, कारण हिशेब सांगणारा माणूस पाण्याकडे बघतच असायचा. हा पायरीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला पाण्यात घालणार आहे.

पाऊणकीनंतर छापील कोष्टकं आली. अलिबागजवळच्या नागावात १८२५ साली जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत काम करत होते. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनांची कोष्टके' हे मराठी पुस्तक काढलं. कोष्टक म्हणजे काय हो? बोट ठेवायचं आणि सरकवायचं. या रकान्यात तारीख, त्या रकान्यात उत्तर. बोट आपलं असतं, पण दोन ओळींच्या मधे काय आहे ते कोष्टक सांगत नाही. ते तुमचं तुम्ही काढायचं.

ही मधली जागा भरून काढणारं यंत्र १८७२-७३ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालं. करणारे विल्यम थॉमसन, पुढे ज्यांना लॉर्ड केल्व्हिन म्हणू लागले. त्यांची कल्पना मोठी सुंदर होती. समुद्राचं पाणी एकाच लयीत वर-खाली होत नाही. चंद्राची एक लाट साधारण १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची बरोबर १२ तासांची, शिवाय दिवसातून एकदाच येणाऱ्या काही लाटा. या सगळ्यांची बेरीज आपल्याला किनाऱ्यावर दिसते. चंद्राची आणि सूर्याची लाट एकमेकींत मिसळली की उधाण, एकीने दुसरीला कापलं की भांग. थॉमसननी प्रत्येक लाटेला एक चाक दिलं. प्रत्येक चाकाच्या भुजेवर एक खीळ, तिच्यामुळे वर-खाली होणारी कप्पी, आणि सगळ्या कप्प्यांवरून-खालून गेलेली एकच तार. तारेचं एक टोक पक्कं बांधलेलं, दुसऱ्या टोकाला लेखणी. हँडल फिरवलं की सगळ्या लाटांची बेरीज कागदावर उतरायची. एका बंदराची वर्षभराची भरती-ओहोटी सुमारे चार तासांत.

आमच्या विषयाशी नातं आहे ते त्या खिळीचं. ती भुजेवरच्या खाचेत मागे-पुढे सरकवून घट्ट करायची. बाहेर सरकवली तर त्या लाटेची उंची जास्त, आत सरकवली तर कमी. मुंबईसाठी एक जागा, कराचीसाठी दुसरी. यंत्र तेच, खिळी सरकवल्या की समुद्र बदलला. आलेखाला लावलेला पहिला स्लायडर हाच, असं कोणी म्हटलं तर आम्ही वाद घालणार नाही.

हिंदुस्थानच्या बंदरांसाठी असं स्वतंत्र यंत्र १८७९ साली लंडनमध्ये बनलं. रचना एडवर्ड रॉबर्ट्स यांची, बांधणी लेगे कंपनीची, आधी वीस लाटांचं, पुढे चोवीस. त्याच दशकात इकडे बेअर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बंदराबंदरांत पाण्याची उंची आपोआप नोंदणारी यंत्रं बसत होती. मुंबईला अपोलो बंदराची नोंद १८७८ पासूनची आहे, आणि समुद्राच्या पातळीच्या देशातल्या सर्वांत जुन्या लांब नोंदींत तिची गणना होते. आता प्रवास बघा. मुंबईचं पाणी आकडे होऊन लंडनला जाणार, तिथे कोणीतरी खिळी सरकवणार, कागदावर रेषा उमटणार, तिची कोष्टकं छापून बोटीने परत मुंबईला येणार. अपोलो बंदर ज्याने कदाचित कधी पाहिलंही नाही, त्याच्या हातात खीळ; आणि ज्याची होडी बंदरात उभी आहे, त्याच्या हातात छापील आकडा.

इथे आमची दुसरी फजिती सांगतो. पाऊणकीचा आलेख दुरुस्त केल्यावर आम्ही मोठे हुशार झालो आणि केल्व्हिनच्या पद्धतीने चार लाटांचा आलेख केला. मुंबईचे आकडे सहज मिळतात, म्हणून तेच घातले. वर मथळा : मालवणची भरती. एका मच्छीमार काकांना कौतुकाने दाखवायला गेलो. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाबानूं, एवढा पाणी हयसर खंय चढता? ह्या मुंबयचा पाणी."

त्यांचं शंभर टक्के खरं होतं. चंद्राच्या मुख्य लाटेची निम्मी उंची, म्हणजे मधल्या पातळीपासून वर किती, ती मुंबईला सव्वा मीटरच्या आसपास आहे. गोव्यात मुरगावला ती साधारण त्याच्या निम्मी. आपण मुरगावच्या जवळचे. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, उत्तरेला उथळ समुद्र रुंद होत जातो, खंभातच्या आखातात तर नरसाळ्यात शिरल्यासारखं पाणी उभं राहतं. म्हणून आपल्याकडे पाणी मुंबईच्या आधी भरतं आणि कमी चढतं. पुस्तकात हे सगळं आहे. काकांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

मग आम्ही एक बरं काम केलं. आलेखाखाली लाटेच्या उंचीची खुंटी जोडली आणि लॅपटॉप काकांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी खुंटी डावीकडे ओढत नेली, थोडी परत उजवीकडे आणली, आणि एका जागी थांबून म्हणाले, "हां, आता." मुरगावच्या आकड्यापासून ती जागा फार लांब नव्हती. लंडनमधली खीळ दीडशे वर्षांनी मालवणच्या माणसाच्या बोटाखाली आली, असं आम्हाला त्या क्षणी वाटलं. भाषणात असं बोलायची मुभा असते, घ्या चालवून.

आता यंत्राकडून पडद्याकडे येऊ. ही वाट लांब आहे, आम्ही तीन-चार ठिकाणीच थांबणार. १९६९ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत एडवर्ड फाउल्क्स यांनी संख्याशास्त्रातल्या आलेखाला फिरवायचं बटण जोडलं. बटण फिरवलं की गणिताचं सूत्र थोडं बदलायचं आणि पडद्यावरचे ठिपके हलायचे. ते काम तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी केलेलं. सामान्य माणसासाठी खुंटी आणली ती मेरिलंड विद्यापीठाच्या बेन श्नायडरमन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, १९९२ च्या सुमाराला. त्या काळी संगणकाला प्रश्न विचारायचा म्हणजे तो टाइप करायचा : अमुक किमतीपेक्षा कमी, तमुक खोल्यांचं घर. मग वाट बघायची. उत्तर यायचं, 'एकही घर नाही'. किंवा नऊशे घरांची यादी. त्यांनी वॉशिंग्टन शहराच्या नकाशावर विकाऊ घरांचे ठिपके टाकले आणि बाजूला खुंट्या लावल्या. किंमत, खोल्या, कामाच्या जागेपासूनचं अंतर. खुंटी सरकते तसे ठिपके विझतात, पेटतात. शून्यावर जाऊन आदळण्याआधीच कळतं की आपण फार ओढलंय.

या मंडळींचा एक हट्ट होता : हाताची हालचाल आणि चित्रातला बदल यांच्यात शंभर मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त वेळ जाता कामा नये. तसं झालं तरच माणसाला आपण चित्रच हलवतोय असं वाटतं. कोड लिहिणाऱ्या मुलांनो, ही गोष्ट आजही तुमच्या रोजच्या कामातली आहे. ब्राउझरमध्ये खुंटीच्या दोन घटना पकडता येतात. 'इनपुट' ही खुंटी सरकत असताना सारखी येते, 'चेंज' ही बोट उचलल्यावर एकदा. बरेच जण 'चेंज' पकडतात आणि मग म्हणतात, सर, मजा येत नाही. येणारच नाही. बोट उचलल्यावर चित्र बदललं तर ते पुन्हा प्रश्न टाइप करून वाट बघण्यासारखंच झालं.

पुढे २००६ मध्ये हान्स रोसलिंग या स्वीडिश डॉक्टरांनी एका भाषणात देशांचे बुडबुडे वर्षावर्षाने सरकवून दाखवले, आणि जगभरच्या लोकांना आकडे बघायची गोडी लागली. ते सॉफ्टवेअर पुढच्याच वर्षी गुगलने घेतलं. २०११ मध्ये स्टॅनफर्डमधून डी-थ्री आलं, त्याने ब्राउझरमधला आलेख थेट आकड्यांना बांधला. संख्याशास्त्रवाल्यांसाठी २०१२ मध्ये शायनी आलं. तरी साधी खुंटी सगळ्या ब्राउझरांत मिळायला वेळ लागला. फायरफॉक्सने ती २०१३ मध्ये दिली. तोवर आम्ही लोक बाहेरची लायब्ररी जोडून काम भागवत होतो.

आज ती एका ओळीचं काम आहे. इनपुट, टाइप रेंज. झालं. तिला चार गोष्टी सांगायच्या : मिन, मॅक्स, स्टेप, व्हॅल्यू. कुठून, कुठवर, किती किती पायरीने, आणि पान उघडताना कुठे उभी. सांगितल्या नाहीत तर ब्राउझर स्वतःच्या मनाने धरतो : शून्य ते शंभर, पायरी एकची, खुंटी मध्यावर.

यातली मध्यावरची गोष्ट निरुपद्रवी वाटते ना? आम्हालाही वाटायची. आता तिसरा आलेख बघा, ज्याच्यासाठी खरं तर आम्ही आज आलोय.

समुद्र चढतोय, हे तुम्हाला सांगायला नको. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंटीमीटर चढला. २१०० पर्यंत, प्रदूषण अगदी कमी केलं तर २८ ते ५५ सेंटीमीटर, फारच जास्त ठेवलं तर ६३ सेंटीमीटर ते १ मीटर १ सेंटीमीटर, असा त्यांचा अंदाज आहे. हे आकडे १९९५ ते २०१४ च्या पातळीच्या वर धरायचे. बर्फाच्या थरांचं काही वेगळंच झालं तर दोन मीटरच्या जवळ जाण्याची शक्यताही त्यांनी मोडीत काढलेली नाही. मुलं म्हणाली, आपण मालवणचा नकाशा करू आणि समुद्राची खुंटी लावू. देवबागची चिंचोळी पट्टी, एका बाजूला समुद्र, एका बाजूला कर्लीची खाडी. खुंटी सरकवली की निळा रंग चढणार. आम्हालाही उत्साह आला.

पहिला मसुदा झाला. मिन शून्य, मॅक्स दोन मीटर. व्हॅल्यू लिहायची राहिली. पान उघडलं तर गावावर एक मीटर पाणी! ब्राउझरने नियमाप्रमाणे खुंटी मध्यावर ठेवली होती. कोणाच्याही मनात नसताना आम्ही शंभर वर्षांचा समुद्र आजच गावात आणून ठेवला होता. ते सुधारलं. मग मॅक्स किती ठेवायचं यावर वाद झाला. पृथ्वीवरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र साठ मीटरहून जास्त चढेल, आणि तसे नकाशे नेटवर आवडीने बघितले जातात. पण साठ मीटरची खुंटी मोबाइलवर सहा सेंटीमीटर लांब असते. म्हणजे या शतकाचा सगळा प्रश्न एका मिलिमीटरमध्ये, बोटाच्या जाडीखाली. आम्ही दोनवरच थांबलो. पायरी ठेवली दहा सेंटीमीटरची, म्हणजे रंग कसा हळूहळू चढतो.

नकाशा एका ओळखीच्या कुटुंबाला दाखवला. खाडीकाठी त्यांची माडाची बाग आहे. खुंटी एक मीटरवर नेली, बाग कोरडी. घरातल्या काकी हसल्या. पावसाळ्यातल्या उधाणाला आजच त्या बागेत पाणी शिरतं, माडांच्या बुंध्यांवर त्याची रेष दिसते. आणि आमचा नकाशा म्हणतो, समुद्र एक मीटर चढला तरी इथे काही होणार नाही, निवांत राहा.

चूक शोधायला आम्हाला अपोलो बंदरापासून अवकाशापर्यंत जावं लागलं. जमिनीच्या उंचीचे जे फुकट आकडे आम्ही वापरले होते, ते फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने मोजले होते. जगातल्या बहुतेक जमिनीची उंची एका मोहिमेत, मोठंच काम. पण त्या रडारला दिसते ती सरसकट माती नसते. दाट झाडी असेल तिथे ते बरंचसं झाडांवरूनच परत येतं, गावात छपरांवरून. म्हणजे आमच्या नकाशाने माडांची उंची जमिनीच्या खात्यात जमा केली होती. आणि दुसरी गोष्ट, हे आकडे पूर्ण मीटरमध्ये आहेत. तीन मीटर, चार मीटर. मधलं काही नाही. आमची खुंटी दहा-दहा सेंटीमीटरने सरकत होती आणि तिच्याखालची जमीन एक-एक मीटरने उड्या मारत होती. पाऊणकीची उडी पडद्यावर दिसली तरी. ही दिसलीही नाही, कारण रंग छान हळूहळू चढावा म्हणून आम्ही मधले आकडे गुळगुळीत करून घेतले होते.

हे फक्त आमचंच झालं नव्हतं. २०१९ मध्ये क्लायमेट सेंट्रल या संस्थेच्या स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांनी हीच चूक जगभरासाठी दुरुस्त करून पाहिली. समुद्राच्या धोक्यात येणाऱ्या माणसांचा जुना अंदाज त्यांच्या हिशेबाने तिप्पट झाला. तिप्पट! जुन्या नकाशांवर ती माणसं कोरड्या जमिनीवर राहत होती. बहुतेक माडांच्या शेंड्यांवर.

मुलं विचारतात, मग पायरी एक मीटरची ठेवू या का? ठेवा. पण मग खुंटीला तीनच जागा उरतात : शून्य, एक, दोन. शतकाच्या अखेरचा बहुतेक सगळा अंदाज शून्य आणि एकच्या मधे आहे, आणि तिथे आपल्याकडे आकडाच नाही. शिवाय मूळ आकड्यातली चूकही मीटरांत मोजण्यासारखी. आमचं मत विचाराल तर अशा आकड्यांवर असा स्लायडर लावू नये. लावता येतो, एका ओळीत लावता येतो, पण लावू नये. ज्या काकी हसल्या त्यांना आपली बाग माहीत होती. तोच नकाशा बघून उद्या पुण्या-मुंबईचा कोणी खाडीकाठची जमीन घेईल, किंवा बंधारा कुठवर बांधायचा याचा कागद कोणी तयार करेल, त्यांना हसायला येणार नाही.

त्या पानावर सध्या खुंटी नाही. नकाशा आहे आणि त्यावर रिकामे गोल आहेत. उधाणाच्या दिवशी पाणी नेमकं कुठवर आलं ते मुलं जाऊन बघतायत : बांधाचा कितवा दगड, विहिरीच्या कठड्यापासून किती हात, कोणत्या पायरीपर्यंत. त्याच दिवशीची अपेक्षित भरती सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापील कोष्टकातून शेजारी लिहायची. गोल भरायला दोन-तीन वर्षं जातील. पुरेसे भरले तर खुंटीचा पुन्हा विचार करू, आणि तिची पायरी तेव्हा त्या खुणांवरून ठरेल.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. खरं मोठं उधाण अमावस्येला येत नाही, त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं, हे इथल्या कोणालाही विचारा. म्हणून आपण द्वितीया धरलीय. पाऊणकीने भरती दीडला, चार पंचमांशाने एक वाजून छत्तीस मिनिटांनी, आणि हे दोन्ही हिशेब मुंबईच्या बाजूचे. आपल्याकडे पाणी त्याच्या आधी भरणार. आम्ही बारापासून बांधावर असू. खडू आणि मोजपट्टी आमच्याकडे आहे, चपला भिजल्या तर चालतील अशा घालून या.